सोमवारची रेघ

बाबा पहिली पाळी करून दुपारी घरी आले, तेव्हा गॅस मोजायचं मशीन त्यांच्या शर्टाच्या खिशाला तसंच अडकलेलं होतं. ते गेटवर जमा करायचं असतं. बाबा विसरले होते. त्या दिवसांत ते बरंच काही विसरत, म्हणून आई रागावली नाही. नुसतं म्हणाली, "हे काहून आणलं घरी?"

बाबांनी मान खाली घालून खिशाकडे पाहिलं. "गेटवर द्याचं राहूनच गेलं," असं म्हणत त्यांनी मशीन काढलं, स्वयंपाकाच्या ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. मग रोजच्यासारखं दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं.

मी त्यांना पाणी द्यायला उठले आणि मशीनचा छोटा पडदा समोर आला. त्यावर आकडा होता वजा पन्नास.

शेगडी बंद होती. खिडकी उघडी होती. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या भाड्याच्या घरात धूर होईल असं त्या वेळी काहीच पेटलेलं नव्हतं. तरी मी मशीन घेऊन गच्चीवर गेले आणि वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये, वाऱ्यात धरून उभी राहिले. थोड्या वेळाने पाहिलं. वजा पन्नासच.

हवेत कारखान्यातला तो विषारी गॅस नसेल तर मशीनने शून्य दाखवायला हवं. असेल तर शून्याच्या वर. अजिबात नसण्यापेक्षाही कमी गॅस कुठल्याच हवेत असू शकत नाही. मशीन बिघडलं असेल, असं मला आधी वाटलं. पण बिघडलेलं मशीन काहीही दाखवतं, आकडे उड्या मारतात. हे एकाच आकड्यावर ठाम होतं.

बाबा शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका कारखान्यात गॅस हाऊसवर काम करतात. कोळशापासून गॅस तयार करायचा आणि तो भट्टीला पुरवायचा, अशी ती जागा. या गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो श्वासातून रक्तात जातो आणि तिथली प्राणवायूची जागा अडवून बसतो. थोडा असेल तर डोकं दुखतं, मळमळतं, साध्या गोष्टी आठवत नाहीत. खूप असेल तर माणूस बसल्या जागी झोपल्यासारखा होतो आणि उठत नाही. म्हणून प्रत्येक पाळीला एक मशीन दिलेलं असतं. पन्नासच्या वर आकडा गेला की ते कर्कश वाजतं आणि सगळ्यांनी बाहेर पडायचं असतं. बाबांच्या पाळीत बाबाच सगळ्यांत जुने, म्हणून मशीन त्यांच्या खिशाला.

त्या गॅस हाऊसच्या पगारावर मी शिकले. गोंदियाकडच्या एका छोट्या गावात आई आणि मी राहायचो, बाबा रायपूरला. मराठी शाळेतून बारावी झाले आणि कॉलेजसाठी आम्ही दोघी बाबांकडे आलो. आमच्या घरात पदवी घेतलेलं माणूस माझ्याआधी कोणीच नव्हतं. आज मी पंडरीच्या कापड बाजारामागे एका कोचिंग क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवते, तेही हिंदीतून. ज्याला आमच्या पुस्तकात रेषेचा चढ म्हणायचे, त्याला इथली मुलं प्रवणता म्हणतात. शिकवताना माझ्या तोंडी अजून चढच येतो.

तो शब्द मला गावच्या शाळेतल्या सरांनी दिला. त्यांच्याकडे फळ्यावर आलेखाचे चौकोन नव्हते. त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली आणि दुसरं टोक हातात धरून गोल फिरवलं. "बघा, एका खिळ्यावर सुतळी कुठंही जाते. कितीही चढी, कितीही उतरती. आता दुसरा ठोकतो." दुसऱ्या खिळ्याला गुंडाळल्यावर सुतळी ताठ झाली. "आता हलवून दाखवा." कोणालाच हलवता आली नाही. मी त्या सरांची फार ऋणी आहे. त्या दुपारी गच्चीवर मला त्यांचे खिळेच आठवले. माझ्या हातात एक खिळा होता. खरा गॅस शून्य, मशीनवर वजा पन्नास. दुसरा मला सापडत नव्हता.

आणि मला तो शोधायची भीतीही वाटत होती. त्याचं कारण कका.

कका म्हणजे बाबांच्या पाळीतले त्यांचे जोडीदार. छत्तीसगढी माणूस. त्यांच्याकडे काकाला कका म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणायची. बाबा आणि ते अनेक वर्षं एकत्र डबा खायचे. मी पास झाल्याचे पेढे पहिल्यांदा त्यांनीच वाटले होते, आमच्या आधी. आदल्या चैत्र नवरात्रात कका गॅस हाऊसमध्ये कामावरच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यांचं हृदय आधीच कमजोर होतं, गोळ्या चालू होत्या, हे खरंच होतं. कारखान्याने चौकशी केली. गॅस होता का, एवढंच विचारायचं होतं आणि त्याचं उत्तर बाबांच्या खिशाला होतं.

"साहब, मशीन नहीं बजा," बाबांनी सांगितलं. "मैंने खुद देखा. चालीस था. पचास के नीचे."

हेच त्यांनी ककांच्या बायकोला सांगितलं. तिला आम्ही काकी म्हणतो. तेराव्याला गेलो तेव्हा तिने फक्त तेवढंच विचारलं होतं आणि बाबांनी तिच्यासमोर हात जोडून सांगितलं होतं की दीदी, मशीन नहीं बजा. त्यानंतरचे सगळे महिने बाबांनी त्या वाक्याच्या आधाराने काढले. डोकं दुखायला लागलं की आई म्हणायची, गॅसनं होत असन. बाबा चिडून म्हणायचे, "काहीही नोको बोलू. मशीन हाये ना माह्याजवळ. वाजते का ते?"

मी गच्चीवरून खाली आले. बाबांनी अर्धी भाकर खाऊन ताट बाजूला सरकवलं होतं.

"बाबा, हे मशीन सेट कोण करते?"

"मीच करतो. दर सोमवारी. काहून?"

"कसं करता?"

"कसं म्हणजे? झिरो दाबाचा, मंग सिलिंडरची गॅस दाखवाची. बस."

"झिरो कुठं दाबता?"

बाबांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. हे त्यांच्या आवडीचं होतं. "मंदिरात."

गॅस हाऊसच्या भिंतीला लागून एक खोलीएवढं मंदिर आहे. ते मला ठाऊक होतं. बाबांनीच ते उभारण्यात पुढाकार घेतला होता. जाळीचं दार, आत मूर्ती, एक घंटा. दर सोमवारी पाळी सुरू होण्याआधी नट आवळायचे पाने, हातोडे, हेल्मेट, सगळं मूर्तीपुढे मांडायचं, गोवरीच्या निखाऱ्यावर गुग्गुळ टाकायचा, आरती करायची आणि मगच हत्यारं उचलायची. हा रिवाज बाबांनी सुरू केला होता आणि सगळ्यांना आवडला होता. मशीनही तिथेच ठेवायचे. आरती झाली की बाबा ते दोन्ही हातांनी उचलायचे, कपाळाला लावायचे आणि झिरोचं बटण दाबायचे. आठवड्याची सुरुवात देवासमोर व्हावी म्हणून.

"धूप चालू असतानाच?" मी विचारलं.

"त मंग? आरती झाल्या झाल्या."

"दार बंद असते?"

"वाऱ्यानं निखारा उडते ना माय. लोटून घेतो."

निखारा धुमसतो तेव्हा हाच गॅस निघतो. थोडाच निघतो, पण लहान खोलीत, दार लोटून, आरती होईपर्यंत तो साठतो. झिरोचं बटण दाबणं म्हणजे मशीनला सांगणं की आत्ता जी हवा आहे, तिला तू रिकामी समज. बाबा दर सोमवारी मशीनला धुराची हवा दाखवत होते आणि ही रिकामी आहे, असं सांगत होते.

माझ्या मनात पहिला हिशेब सरळ आला. घरी वजा पन्नास दिसतंय, म्हणजे मंदिरात पन्नास होता, म्हणजे मशीन सगळीकडे पन्नास कमी दाखवत असणार. पण हे धरायला मला कोणी सांगितलं होतं? एका खिळ्यावर मी सुतळी मनानेच एका बाजूला ओढत होते.

"आणि सिलिंडरचं काय करता बाबा?"

"त्याच्यावर दोनशे लिवलेलं असते. झिरो झाला का जुनं सेटिंग पुसल्या जाते, मंग नळी लावाची. मशीननं दोनशे दाखवलं पायजे. नाही दाखवलं त बटन दाबून दोनशे कराचं."

"दर वेळी करावं लागते?"

"हव. दर वेळी कमीच दाखवते थोडं. मी बरोबर करतो."

दुसरा खिळा मिळाला. तपासणीसाठी मोजून भरलेल्या त्या सिलिंडरमधला गॅस खरोखर दोनशे असतो आणि तिथे मशीन दोनशेच म्हणतं, कारण बाबा त्याला म्हणायला लावतात.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन अक्ष काढले. आडवा खऱ्या गॅसचा, उभा मशीनवरच्या आकड्याचा. शून्याला वजा पन्नास. दोनशेला दोनशे. आडवं अंतर दोनशे, उभी चढण अडीचशे. चढ सव्वा. मशीनवरचा आकडा म्हणजे खऱ्या गॅसची सव्वापट, उणे पन्नास. वर्गात मी असं उदाहरण सोडवलं की खाली दोन रेघा मारते आणि पुढच्याकडे वळते.

बाबा माझ्याकडे पाहत होते. "काय करून राहिली तू?"

"थांबा बाबा."

मशीन शून्य कधी दाखवेल? खरा गॅस चाळीस असताना. पन्नास दाखवून वाजेल कधी? खरा गॅस ऐंशी झाल्यावर. म्हणजे पन्नासपासून ऐंशीपर्यंत, जेव्हा सगळ्यांनी बाहेर असायला हवं, तेव्हा मशीन गप्प. रोज, सगळी पाळी.

मग मी तो आकडा घेतला जो मला घ्यायचा नव्हता. मशीनवर चाळीस. त्यात पन्नास मिळवले, नव्वद. सव्वाने भागले. बहात्तर.

मी पान उलटं करून ठेवलं. बाबा शाळेत फार शिकले नाहीत, पण माझा चेहरा त्यांना लहानपणापासून वाचता येतो. त्यांनी पान ओढून घेतलं आणि बोट बहात्तरवर ठेवलं.

"हे काय हाये?"

मी सांगितलं. एकेक पायरी सांगितली, खिळे आणि सुतळीसकट, जशी मी वर्गातल्या सगळ्यांत मागच्या मुलाला सांगते. आई दाराशी उभी राहून ऐकत होती.

मग मी घाईने म्हटलं, "पण बाबा, ही रेघ या आठवड्याची आहे. दर सोमवारी धूप वेगळा, त्यामुळे रेघ वेगळी. ककांच्या आठवड्यात कोणती होती ते मला सांगता येत नाही. तेव्हा धूप कमी असेल तर मशीन बरंच बरोबर असेल. आणि ककांचं हृदय तर..."

हे मी त्यांना धीर द्यायला म्हटलं नव्हतं. ते खरंच होतं. दुसऱ्या दिवसाच्या बिंदूंवरून काढलेली रेघ त्या दिवसाला लावता येत नाही.

बाबा म्हणाले, "नवरात्र होतं, माय."

"हो."

"नवरात्रात मंदिरात जोत असते. कारखान्यातल्या पोट्ट्यायनं एकेकाच्या नावानं जोत लावली होती. भिंतीच्या कडेनं सगळ्या पेटल्या होत्या. रात्रंदिवस. त्यात सोमवारची गोवरी." त्यांनी पान घडी करून माझ्या हातात दिलं. "त्या आठवड्यात धूर जास्तच होता. डोळे उघडता येत नोहोते."

धूर जास्त म्हणजे रेघ आणखी खाली. खरा गॅस बहात्तरपेक्षाही जास्त. हे मी बोलले नाही, पण खिळा-सुतळी मीच समजावून दिली होती आणि त्यांना ती समजली होती.

आई म्हणाली, "तुमी देवासाठीच केलं ना."

"गप्प बस," बाबा म्हणाले. रागाने नाही.

पुढच्या सोमवारी बाबांनी मशीन मंदिरात ठेवलं नाही. हत्यारं ठेवली, आरती केली, पण मशीन घेऊन ते आवाराच्या टोकाला, जिथे भिंतीपलीकडे शेतं लागतात, तिथे गेले आणि झिरो दाबला. मग सिलिंडर लावला. यावेळी बटण दाबून दोनशे करावं लागलं नाही. मशीन आपणहून दोनशेजवळ आलं. बाबा सांगताना म्हणाले, तेव्हाच त्यांना खात्री पटली.

गॅस हाऊसमध्ये पहिली फेरी पुरी व्हायच्या आत मशीन वाजायला लागलं. सगळे बाहेर आले. थोड्या वेळाने आत गेले, पुन्हा वाजलं. भट्टीचा गॅस कमी पडला. फोरमन धावत आला. हा फोरमन वाईट माणूस नाही. ककांना त्यानेच खांद्यावर घालून बाहेर आणलं होतं. त्याने मशीन हातात घेऊन झटकलं आणि म्हणाला, "ये तो खराब हो गया."

पाळीतला एक जण हसून म्हणाला, "खराब नहीं हुआ साहब. भैया ने आज भगवान के सामने नहीं रखा, इसलिए चिल्ला रहा है."

सगळे हसले. बाबांनी समजावायचा प्रयत्न केला. पण त्यांना ते हिंदीतून, त्या गोंगाटात, खिळ्यासुतळीशिवाय सांगता आलं नाही. त्यांनी माझ्याकडून मागून नेलेलं पान खिशातून काढलं. फोरमनने ते बघितलं, उलटून तारखांची बाजूही बघितली आणि परत दिलं. "बिटिया को बोलो, इधर की हवा कॉपी में नहीं समाती." वहीत मावत नाही म्हणे. मग त्याने मशीन मंदिरात नेलं, निखाऱ्यावर गुग्गुळ टाकला, आरती म्हटली आणि स्वतः झिरो दाबला. सिलिंडर लावून दोनशे केलं. मशीन गप्प झालं. त्या दिवसापासून सेटिंग त्याच्याकडे गेलं.

मी म्हटलं, बाबा, वर तक्रार करू. माझ्या ओळखीत सरकारी ऑफिसात काम करणारी मराठी माणसं आहेत, विचारते. बाबा म्हणाले, "कर. पण तक्रारीचं उत्तर येईल तेव्हा येईल. उद्या सकाळी मले कुठं उभं राहाचं ते सांग."

मी विचारलं. एकाने वरच्या माणसाचं नाव सांगितलं, वरच्याने नीट ऐकून घेतलं. अजून ऐकून घेण्यापलीकडे काही झालेलं नाही.

पण तक्रारीआधी बाबांना दुसरं काम करायचं होतं. त्या रविवारी ते मला घेऊन काकीकडे गेले. सिलतऱ्याच्या पलीकडे एक गाव आहे, त्यातल्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तिचं घर. तिने चहा ठेवला. ककांच्या फोटोपुढे उदबत्ती जळत होती. बाबांची नजर तिच्या धुरावरच होती, ते मला दिसत होतं.

"दीदी," बाबा म्हणाले, "मैंने बोला था मशीन नहीं बजा."

"हव."

"मशीन का ज़ीरो गलत था. मैंने ही किया था. मंदिर के धुएँ में."

काकी हातातला कप धरून बसली. तिला झिरो म्हणजे काय ते कळलं नसावं, पण बाबा काय सांगायला आले आहेत ते कळलं. "त ओ दिन गैस रिहिस?" तिने विचारलं. म्हणजे त्या दिवशी गॅस होता?

"रिहिस," बाबा म्हणाले. "कितना, ये नहीं बता सकता. पर था."

ती रडेल, ओरडेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "वो सुबह बोले थे, सिर भारी है. मैं बोली, नवरात्रि का उपवास है, इसलिए होगा." मग तिने कप खाली ठेवला आणि बाबांकडे नीट पाहिलं. "तुमको अभी भी दुखता है?"

बाबांनी मान हलवली.

"और मशीन?"

"वैसा ही है."

"तो काहे जाते हो भैया?"

बाबांनी चहा संपवला आणि ते उठले. येताना टेम्पोत ते एकदम म्हणाले, "आपल्याले मशीन बदलता येत नाही. तू मले आकडा बदलून दे."

तेव्हापासून आमचं असं चाललं आहे. सोमवारी फोरमनची आरती आणि सेटिंग झालं की बाबा मशीन खिशाला लावून आवाराच्या टोकाला जातात, शेताकडे तोंड करून उभे राहतात आणि मला फोन करतात. मी तेव्हा क्लासला जायच्या तयारीत असते.

"वजा चाळीस," ते म्हणतात.

एक बिंदू तो, दुसरा सिलिंडरचा, तो बदलत नाही. मी चढ काढते, रेघ काढते आणि खरा गॅस पन्नास असताना मशीन काय दाखवेल ते शोधते. "वीस दिसले की बाहेर बाबा." कधी वजा तीस असतं, मग मी सत्तावीस सांगते. बाबा तो आकडा पेनाने तळहातावर लिहितात. आठवडाभर मशीनवर तो आकडा आला की ते बाहेर पडतात आणि बाकीच्यांनाही हाक मारतात. काही जण येतात. ज्याने देवाचा विनोद केला होता, तो आता सगळ्यांत आधी येतो. विचारतो, "भैया, इस हफ्ते का कितना?" फोरमन हे बघून न बघितल्यासारखं करतो. बाबांचं डोकं जरा कमी दुखतं. विसरणं मात्र तसंच आहे. मागच्या महिन्यात ते पंडरीला आईसोबत गेले आणि येताना बस कुठून धरायची ते त्यांना आठवेना.

वर्गात मुलं विचारतात, मॅडम, ये कहाँ काम आता है? मी त्यांना सुतळी दाखवते. बाकीचं सांगत नाही.

काल पुन्हा नवरात्रातला सोमवार होता. मंदिरात जोत लागल्या आहेत, या वर्षी ककांच्या नावाचीही एक आहे. फोन आला तेव्हा बाबा दम लागल्यासारखे बोलत होते.

"वजा शंभर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "किती?"

"शंभर, माय. वजा शंभर."

मी रेघ काढली. चढ दीड. खरा गॅस पन्नास असताना मशीनवर काय दिसेल ते काढलं आणि पुन्हा काढून पाहिलं.

"किती लिहू?" बाबांनी विचारलं.

"वजा पंचवीस."

"म्हणजे शून्य दिसलं तरी..."

"शून्य दिसलं तर खरा सदुसष्टजवळ आहे बाबा. आज ते वाजेल तेव्हा आत शंभर असेल. आत जाऊ नका."

पलीकडे भोंगा वाजला. मग बाबांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. ते कोणाला तरी मोठ्याने सांगत होते, "आज अंदर नहीं जाना. कोई नहीं जाएगा." कोणीतरी काहीतरी म्हणालं. फोन बंद झाला.

दुपारची वाट न पाहता बाबा सकाळीच घरी आले. गेटवर त्यांची गैरहजेरी लावली होती. आईने विचारलं, तर म्हणाले, मी एकटाच निघालो. विनोद करणाऱ्याने बाबांचा हात धरून, पुढच्या हफ्त्यात तुमच्याबरोबर बाहेर येतो भैया, आज भट्टीला गॅस कमी आहे, असं सांगितलं होतं. मग फोरमनने बाबांच्या खिशाचं मशीन काढून त्या विनोद करणाऱ्याच्या खिशाला लावलं आणि सगळे आत गेले.

"गॅस हाऊसच्या दारातून आत जाता जाता त्यानं मले मशीन दाखवलं," बाबा म्हणाले. त्यांनी तळहात उघडला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. "म्हणे, देख लो भैया, ज़ीरो है."